खारवाडीविरुद्धच्या पेनल्टीबाबत पुरवणी जबाब

पोलादपूर पोलीस ठाणे
दि. ०९/०६/२०२५, दुपारी १.१० वा.

नाव : राजेश दगडू उतेकर. वय : ५६ वर्षे. धंदा : शेती (पूर्वी माध्यमिक शिक्षक, स्वेच्छानिवृत्ती घेतलेली). राहणार : मु. माळेकोंड, ता. पोलादपूर, जि. रायगड.

मी स्वतः हजर राहून, कोणी बोलावले नसताना, विचारल्यावरून व न विचारताही सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी सुंदराबाई हिच्यासह राहतो. आमचा गाव आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी असून घरे बेचाळीस आहेत. त्यांतील एकेचाळीस उतेकरांची व एक पार्टे यांचे आहे. पार्टे यांच्या घरात रावजी पार्टे (मयत, वय ७८), त्यांची पत्नी ठकूबाई, विधवा सून पूजा, नातू अक्षय (वय २१) व नात श्रुतिका अशी माणसे होती. अक्षय महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. पूजाचे माहेर खारवाडी. खारवाडी सावित्रीच्या काठी, तुडीलच्या अलीकडे आहे.

मी यापूर्वी दि. ०७/०६/२०२५ रोजी याच ठाण्यात जबाब दिला आहे. त्यात "पार्टे कुटुंबावर कोणी बहिष्कार टाकलेला नाही, पेरणीच्या गडबडीमुळे लोकांचे एकमेकांकडे जाणे-येणे कमी आहे" असे मी सांगितले. ते खोटे आहे. त्या दिवशी आमच्या गावातील एकूण आठ जणांचे जबाब झाले. आठही जबाबांत हे वाक्य शब्दशः सारखे आहे. ते वाक्य मी तयार करून बाकीच्या सातांना जीपमध्ये पाठ करून घेतले होते.

आमच्या गावाचा सात खेळाडूंचा फुटबॉल संघ आहे. मुंबईला गेलेली मुले तिकडे खेळायला शिकली व मे महिन्यात गावी येऊन खेळू लागली. मागील वर्षी पेनल्टी कोणी मारायची यावरून उतेकरांच्या थोरल्या व धाकट्या भावकीतील मुलांत मैदानातच धक्काबुक्की झाली आणि पंचांनी आमचा संघ बाद केला. तसे पुन्हा होऊ नये म्हणून यंदा एप्रिलमध्ये गावकीच्या बैठकीत मी एक नियम सुचवला. पालखीला जशी घराण्यांची पाळी असते तशीच पेनल्टीची पाळी असावी. पहिली थोरल्या भावकीची, दुसरी धाकट्या भावकीची, तिसरी पार्टे यांची. मी असेही म्हणालो की एका घराच्या घराण्यालाही बरोबरीचा मान मिळतो, हे तालुक्याने पाहावे. सर्वांना नियम आवडला. रावजी पार्टे उठून उभे राहिले व त्यांनी मला हात जोडले. नियम इतिवृत्ताच्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलेला आहे.

स्पर्धेतील पहिल्या दोन पेनल्ट्या पहिल्या दोन पाळ्यांप्रमाणे मारल्या गेल्या व दोन्ही गोल झाले. अंतिम सामना रविवार दि. ११/०५/२०२५ रोजी महाड येथे सायंकाळी ४.३० वाजता खारवाडीच्या संघाशी झाला. मी संघाचा व्यवस्थापक म्हणून रेषेबाहेर उभा होतो. गावचे अंदाजे दीडशे लोक दोन टेम्पो व मोटारसायकलींनी आले होते.

आम्ही एका गोलने पुढे होतो. शेवटची चार मिनिटे राहिली असताना आमचा गोलकीपर दीपेश उतेकर याने हातातील चेंडू जमिनीवर ठेवला आणि कोणी मोबाईलवरून सामना थेट दाखवत होते, त्या मोबाईलकडे पाहून हात हलवला. मागून खारवाडीच्या मुलाने येऊन चेंडू गोलात ढकलला. दीपेश हा गावकीचे अध्यक्ष कोंडाजी उतेकर यांचा मुलगा आहे.

त्यानंतर शेवटच्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी मिळाली. ओंकार उतेकर हा आमचा सर्वांत चांगला खेळाडू. तो चेंडू काखेत धरून जागेवर जाऊन उभाही राहिला होता. पाळी तिसरी होती. पार्टे यांच्या घरचा खेळाडू एकच, अक्षय. तो बचावाला खेळतो. त्याने पूर्वी कधी पेनल्टी मारलेली नव्हती.

अक्षय धावत रेषेवर माझ्याकडे आला. त्याचे शब्द असे होते : "काका, माझा पाय तसा नाय. ओंकारला मारू दे. मी सांगतो सगळ्यांना की मीच नको बोललो."

मी त्याला म्हणालो, "पाळी पार्ट्यांची आहे. आज मागे सरलास तर तुझ्या घराने मान सोडला असे होईल, आणि पुन्हा मिळणार नाही."

तो म्हणाला, "चुकली तर?"

मी म्हणालो, "चुकली तर माझ्यावर. जा."

हे बोलणे आम्हा दोघांशिवाय कोणी ऐकले नाही. मी ओंकारला हाक मारून चेंडू अक्षयला देण्यास सांगितले. ते मात्र सर्वांनी ऐकले. ओंकारने चेंडू हातात दिला नाही, तो अक्षयच्या पायाजवळ टाकला.

अक्षय सात पावले मागे गेला. त्याने मारलेला चेंडू सरळ खारवाडीचा गोलकीपर किशोर याच्या हातात गेला. आमचे सर्व खेळाडू पुढे गेलेले होते. किशोरने चेंडू लांब फेकला, तो मिळालेल्या मुलाने एकट्याने नेऊन गोल केला आणि पंचांनी शिट्टी वाजवली. आम्ही दोन विरुद्ध एकने हरलो. किशोर हा अक्षयच्या सख्ख्या मामाचा मुलगा आहे. हे गावात सर्वांना पहिल्यापासून माहीत होते. आमच्याकडे अशी सोयरीक प्रत्येक घराची पाच-सहा गावांत असतेच. कोंडाजी यांची धाकटी बहीणही खारवाडीलाच दिलेली आहे.

सामना संपल्यावर किशोरने अक्षयच्या गळ्यात हात टाकला. त्या वेळी कोणीतरी फोटो काढला. फोटोत अक्षय हसताना दिसतो. मी तेथून दहा पावलांवर उभा होतो. तो रडत होता. फोटोत ते तसे दिसत नाही.

परतीच्या टेम्पोत कोणी अक्षयला काही बोलले नाही. वाद दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. आमच्या फाट्यावर मैना शेलार यांची चहाची टपरी आहे. दि. १२ ते १७ मे या काळात तेथे सकाळी व संध्याकाळी रोज वीस-पंचवीस माणसे जमत होती. मी रोज हजर होतो. बोलणे साधारण असे होते.

ओंकार म्हणाला, "सात पावलं मागं गेला रे तो! सात! पेनल्टी मारत होता का घरी चालला होता?"

दीपेश म्हणाला, "त्यांचा गोली लाइन सोडून पुढं आला होता. व्हिडिओ बघ ना, क्लिअर दिसतंय. परत मारायला द्यायला पाहिजे होती, बॉस."

ओंकार म्हणाला, "तू बोलू नको रे. तू मोबाईलला टाटा करत होतास."

"मी टाइम खात होतो!"

"टाइम नाय, गोल खाल्लास."

त्यावर लोक हसले, परंतु कोंडाजी टपरीत आल्यावर हसणे थांबले. कोंडाजी म्हणाले की तसा गोल कोणावरही होतो, ते नशीब. त्यानंतर दीपेशच्या गोलचा विषय निघाला नाही. ओंकारने बशा मांडून आपले खेळाडू कोठे उभे राहायला हवे होते ते दाखवले. दुसऱ्याने त्या उचलून वेगळ्या मांडल्या. मैना म्हणाली, "माझ्या बशा ठेवा खाली. पाच दिवस झाले, त्या खारवाडीवाल्यांनी कप घरी नेऊन कपाटात लावला, तुमची मॅच अजून संपत नाय."

शुक्रवारी ओंकार सर्वांसमोर माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, पालखीला पाळी ठीक हाय. गोल मारायला पाय लागतो. मॅच अक्षयनं नाय घालवली, तुमच्या वहीनं घालवली." चार-पाच जणांनी माना हलवल्या. एकाने विचारले, "चेंडू त्याला द्यायला कोणी सांगितला? मास्तरांनीच ना?"

मी तीस वर्षे लोकांसमोर बोलत आलो आहे. तालुक्यात माझ्या बोलण्यावर कोणी हसलेले नव्हते. त्या दिवशी हसले.

शनिवारी सकाळी मी तो फोटो गावच्या व मुंबईतील गावकऱ्यांच्या मंडळाच्या मोबाईल ग्रुपवर टाकला. खाली फक्त एवढे लिहिले : "हरल्यावर कोण हसतो?" दुपारपर्यंत मुंबईहून दोनशेच्या वर मेसेज आले. पेनल्टी मामाच्या पोराच्या हातात दिली, असे पहिल्यांदा मुंबईतील कोणी लिहिले. ते लिहिणारा सामन्याला नव्हता. त्यानंतर पाळीच्या नियमाबद्दल कोणी काही बोलले नाही.

रविवार दि. १८/०५/२०२५ रोजी सकाळी १० वाजता देवळाच्या सभामंडपात गावकीची बैठक झाली. कोंडाजी अध्यक्ष होते. अक्षयला उभे करून विचारण्यात आले की पेनल्टी मुद्दाम मामाच्या मुलाकडे मारली का. त्याने नाही म्हटले. कोंडाजी म्हणाले, देवासमोर नारळ ठेव आणि मुद्दाम मारली एवढे कबूल कर, मग गाव विसरून जाईल. अक्षय म्हणाला, "जे केलं नाय ते देवासमोर कसं बोलू? मी नकोच बोलत होतो. काकांनी सांगितलं, चुकली तर माझ्यावर. म्हणून मी मारली."

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. रावजी पार्टे खांबाला टेकून बसले होते. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले. मी दुसऱ्या कोणाला विचारत नाय. पोराला तुम्ही पुढं केलंत का नाय, तेवढं सांगा. हो तर हो, नाय तर नाय."

मी उठलो व बोललो. मी पंचवीस मिनिटे बोललो. गावाची एकी, निष्ठा, इतिहासात घरभेद्यांनी केलेले घात, रक्ताचे नाते मोठे की मातीचे, असे मुद्दे मी मांडले. लोकांनी तीन वेळा टाळ्या वाजवल्या. रावजींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या भाषणात नव्हते. भाषण संपल्यावर रावजी म्हणाले, "बरं." ते नातवाचा हात धरून उठले व गेले.

त्यानंतर पार्टे यांचे घर वाळीत टाकण्याचे ठरले. वहीत "वाळीत" हा शब्द नाही. बहिष्काराविरुद्ध कायदा आहे हे मला माहीत होते. तो लागू झाला त्या वर्षी मी त्यावर पोलादपूर व महाड येथे दोन भाषणे केली होती. म्हणून मी कोंडाजींना सांगितले की वाळीत असे लिहू नका, "पार्टे कुटुंबाशी सहकार्य तूर्त थांबवण्यात येत आहे" असे लिहा. तसे लिहिले. त्याचा अर्थ तेथे बसलेल्या प्रत्येकाला समजला होता.

दुसऱ्या दिवशी पार्टे यांच्या दारातील सार्वजनिक नळाची जोडणी काढण्यात आली. पूजा व श्रुतिका ओढ्यावरून पाणी आणू लागल्या. चवदार तळ्याच्या कार्यक्रमाला महाडच्या एका शाळेत मी दरवर्षी बोलतो. यंदाही बोललो. याबाबत मी येथे बरेच सांगितले, परंतु ते या प्रकरणातील घटनांशी संबंधित नसल्याने लिहून घेण्यात आलेले नाही.

दुकानदाराने त्यांना सामान देणे बंद केले. आमच्याकडे पेरणी-लावणीला एकमेकांच्या शेतात राबायला जाण्याची रीत आहे. त्यांच्या शेतात कोणी गेले नाही. समीक्षा उतेकर ही श्रुतिकाची मैत्रीण तिच्याशी ओढ्यावर बोलली म्हणून तिच्या वडिलांना समज देण्यात आली. समज देण्यास कोंडाजींसोबत मी गेलो होतो.

दि. ०४/०६/२०२५ रोजी सकाळी ६.३० च्या सुमारास रावजी पार्टे वारले. त्यांचे घर माझ्या पडवीपासून तीस पावलांवर आहे. रडणे मला ऐकू आले. कोणाचे निधन झाले की गावातील प्रत्येक घराने सरणासाठी एक लाकूड द्यायचे व एक माणूस पाठवायचा, अशी आमची रीत आहे. सकाळी ७ वाजता कोंडाजींचा निरोप घरोघर फिरला की अजून काही मिटलेले नाही. कोणीही गेले नाही. मी गेलो नाही. पाऊस होता. मी पडवीत पुस्तक घेऊन बसलो होतो. कोणते पुस्तक, हे आता आठवत नाही.

दुपारी २ पर्यंत प्रेत घरातच होते. त्यानंतर खारवाडीहून एक टेम्पो आला. त्यातून किशोर, त्याचे वडील व दहा-बारा मुले उतरली. त्यांतील सहा मुलांना मी ओळखले. ती आमच्याविरुद्ध खेळलेली होती. पावसात सुके लाकूड त्यांना कोठे मिळेना. किशोर माझ्या पडवीखाली येऊन उभा राहिला व म्हणाला, "मास्तर, तुमच्याकडं सुकी लाकडं हायत. आजोबांसाठी द्याल का?"

माझ्याकडे पडवीत सुक्या लाकडांची पूर्ण रास होती. मी पुस्तक पुन्हा उघडले. त्याने पुन्हा विचारले नाही. माझी पत्नी सुंदराबाई घरातून बाहेर आली, तिने राशीतील एक ओंडका उचलला व पावसात पार्ट्यांच्या दारात नेऊन ठेवला. मग परत येऊन दुसरा नेला. ती अशी सात-आठ वेळा माझ्यासमोरून गेली-आली. बाकीची लाकडे मुलांनी नेली. गावातील इतर बायका दारांतून पाहत होत्या. गोदूबाई उतेकर, कोंडाजींच्या आई, वय अंदाजे ८०, या एक लाकूड घेऊन स्वतःच्या दारापर्यंत आल्या. घरच्यांनी त्यांना परत आत घेतले.

रावजींना खारवाडीच्या मुलांनी खांदा दिला. अग्नी अक्षयने दिला.

माझी पत्नी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते. याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

दि. ०५/०६/२०२५ रोजी श्रुतिकाने या ठाण्यात तक्रार दिली. त्यानंतर दि. ०७ रोजी आम्हा आठ जणांचे जबाब झाले, ते वर सांगितले आहे.

आज सकाळी ८ च्या सुमारास अक्षय माझ्या पडवीत आला. त्याच्या घरासमोर टेम्पो उभा होता व ठकूबाई पुढे बसलेल्या होत्या. तो म्हणाला की, आम्ही खारवाडीला मामाकडे राहायला चाललो. मी त्याला बस म्हटले. तो बसला नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे सांगतो :

"काका, भांडायला नाय आलो. एक विचारायचं होतं. त्या दिवशी लाइनवर तुम्ही मला ते बोललात, चुकली तर माझ्यावर, ते खरंच बोललात का? आजोबा मरेपर्यंत मला रोज विचारायचे, नक्की ऐकलंस का रे? मी हो हो बोलायचो. पण एवढी माणसं नाय बोलतात, तुम्ही काय बोलला नाय. आता मलाच कळत नाय. मी ते ऐकलं का माझ्या मनानंच बनवलं?"

मी त्याला उत्तर दिले नाही. का दिले नाही, हे मला सांगता येत नाही. तो पडवी उतरून गेला. टेम्पो ८.२० वाजता निघाला. मी ९.३० च्या एसटीने येथे आलो. फाट्यावर कोंडाजी भेटले. कोठे निघालात विचारल्यावर मी सांगितले. ते म्हणाले, "मास्तर, वहीत तुमचंच अक्षर हाय. आणि तुमच्या घरासाठी एक पान अजून कोरं हाय." मी एसटीत बसलो.

मला विचारण्यात आले की, अक्षयने पेनल्टी मुद्दाम चुकवली असे मला वाटते काय. वाटत नाही. कधीही वाटले नव्हते. १८ मे रोजी बोलतानाही वाटत नव्हते. मला असेही विचारण्यात आले की, मग मी तसे का बोललो. टपरीवर लोक मला हसले होते. दुसरे कारण नाही.

गावकीची इतिवृत्ताची वही माझ्याकडे असते. ती मी सोबत आणली असून आज हजर करीत आहे.

अक्षयने मैदानावर जे ऐकले ते बरोबर ऐकले. ते शब्द माझे होते. "चुकली तर माझ्यावर" असे मी त्याला म्हणालो होतो.

हा जबाब संगणकावर लिहून घेतल्यावर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी "त्यानंतर पार्टे यांचे घर वाळीत टाकण्याचे ठरले" असे आले होते. मी हरकत घेतल्याने ते "राजेश दगडू उतेकर याच्या भाषणानंतर व त्याच्या सल्ल्याने गावाने पार्टे कुटुंबास वाळीत टाकण्याचे ठरवले" असे दुरुस्त करून या पानाच्या खाली जोडले आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे. कोणी धाक किंवा आमिष दाखवलेले नाही. जबाबाची प्रत देऊ केली असता ती मी माझ्यासाठी घेतली नाही. ती खारवाडी येथे अक्षय पार्टे यास पोहोचवावी, अशी माझी विनंती आहे.

समक्ष,
सही/- (राजेश दगडू उतेकर)